स्टडेड टायर: फॅटबाइकच्या आधी हे घ्या, मिनियापोलिसच्या बर्फातून रिव्ह्यू

दरवर्षी ऑक्टोबर आला की इथे नव्याने आलेल्या कोणाचा तरी फोन येतोच, हिवाळ्यात सायकल चालवायची आहे, फॅटबाइक, म्हणजे ती जाडजूड टायरची सायकल, कुठली घेऊ. माझं उत्तर ठरलेलं आहे, फॅटबाइक नको घेऊस, आहे त्या सायकलला स्टडेड, म्हणजे खिळेवाले, टायर टाक. मग पुढचा अर्धा तास समोरच्याला पटवण्यात जातो, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

टायर कुठले, तर श्वाल्बे मॅरेथॉन विंटर प्लस, ७०० च्या चाकाचे, साधारण ४० मिलिमीटर रुंद. सायकल माझी साधी हायब्रिड, मडगार्ड, कॅरिअर, पॅनिअर (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या), लाइट असं सगळं बिऱ्हाड घेऊन फिरणारी. रोज ऑफिसला जायला-यायला वापरते, बहुतेक मिडटाउन ग्रीनवे या सायकलच्या रस्त्यावरून, आणि जानेवारीत इथे पहाटेचं सरासरी तापमान उणे १३ सेल्सिअसच्या आसपास असतं, म्हणजे सरासरी हं, उणे २५ पण दिसतं मधूनमधून. पुण्यात ९ अंश झाले की सिंहगडाच्या पायथ्याशी कानटोप्या आणि मफलर बाहेर पडतात, मी पण त्यातलीच होते, सो मी काही जन्मजात बर्फातली नाही.

ज्यांनी पाहिलेच नाहीयेत त्यांच्यासाठी, या टायरच्या रबरात बारीक धातूचे खिळे बसवलेले असतात, इथे त्यांना स्टड म्हणतात. एका टायरमध्ये दोनशेच्या आसपास. बाहेर जेमतेम मिलिमीटरभर डोकं काढून असतात, हात फिरवला तर टोचतात पण रक्त वगैरे येत नाही. मधली टोकं टंगस्टन कार्बाइडची, आणि ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे कारण बाजारात स्वस्तात मिळणारे साध्या स्टीलच्या खिळ्यांचे टायरही आहेत, दिसायला सेम टू सेम. माझ्या ओळखीतल्या एकाने ऑनलाइन अर्ध्या किमतीत असे कुठल्याशा कंपनीचे घेतले, डिसेंबरमध्ये खूश होता, फेब्रुवारीत बघतो तर खिळे डांबरावर घासून घासून सपाट. कार्बाइड तसं झिजत नाही. माझ्या टायरचं रबर कडेने म्हातारं दिसायला लागलंय पण खिळे अजून बोटाला लागतात. आणि एखादा खिळा निघून गेलाच तर सुटे मिळतात, बसवायचं हत्यार पण मिळतं.

आवाजाबद्दल आधी बोलते कारण पहिल्या दिवशी सगळे घाबरतात. कोरड्या डांबरावर हे टायर चालले की गरम तेलात मोहरी टाकल्यावर जशी तडतडते तसा आवाज येतो, सतत, थांबतच नाही. पहिले दोन दिवस वाटतं काहीतरी घासतंय. नंतर त्याचीच सवय लागते आणि खरं सांगू का, तो आवाज म्हणजे माहितीच असते. आवाज येतोय म्हणजे खाली कोरडा रस्ता आहे. आवाज एकदम बंद झाला म्हणजे बर्फावर आलात. अंधारात ब्लॅक आइस डोळ्याला दिसत नाही, ओल्या डांबराचाच रंग असतो त्याचा, पण कानाला कळतं. पायी चालणाऱ्यांना मागून सायकल येतेय हेही कळतं, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च माझी घंटी बेरोजगार.

आता पकड. ग्रीनवे म्हणजे जुना रेल्वेमार्ग होता, रुळ काढून सायकलचा रस्ता केलाय, साधारण ९ किलोमीटर, तळ्यांपासून मिसिसिपी नदीकडे जाणारा. मधला मोठा भाग रस्त्यांच्या पातळीपेक्षा खाली, खंदकात आहे आणि वरून एकामागून एक पूल जातात. दुपारी ऊन पडलं की पुलांवरचा बर्फ वितळून खाली ठिबकतो आणि संध्याकाळी तेच पाणी गोठून बरोबर पुलाखाली चकचकीत कडक थर तयार होतो. बाकीचा रस्ता कोरडा ठणठणीत, आणि पुलाच्या सावलीत हा सापळा. साध्या टायरवर इथे ब्रेकला हात लावला की संपलं. या टायरवर मी तिथून सरळ जाते, ब्रेक पण मारते, हलकंसं वळते पण. काही होत नाही. अक्षरशः काही होत नाही, आणि पहिल्यांदा हे होतं (म्हणजे होत नाही) तेव्हा हसू येतं.

गंमत अशी की सायकल उभी राहते आणि आपण पडतो. सिग्नलला किंवा कुणाशी बोलायला थांबलात, पाय खाली टेकवला, आणि बूट सुळ्ळकन निघून गेला. टायरला खिळे आहेत, बुटाला नाहीत. हे इथल्या प्रत्येक हिवाळी सायकलवाल्यासोबत झालेलं आहे, त्यामुळे पाय टेकवताना जागा बघून टेकवा किंवा बुटाला लावायचे रबरी क्लीट घ्या, फार महाग नसतात.

कुठे चालत नाहीत तेही ऐका, कारण इथेच लोकांच्या अपेक्षा चुकतात. ताज्या, भुसभुशीत, घोट्याएवढ्या बर्फात खिळ्यांचा काडीचा उपयोग नाही. खिळ्याला रुतायला कडक काहीतरी लागतं, भुसभुशीत बर्फात तो पोचतच नाही कुठे, तिथे लागते ती टायरची रुंदी आणि कमी हवा. दुसरं म्हणजे गाड्यांच्या चाकांनी बर्फात पाडलेल्या खाचा रात्रीत गोठल्या की त्या वाकड्यातिकड्या कडक नाल्यांमध्ये पुढचं चाक एकदा अडकलं की ते म्हणेल तिकडे जायचं. टायर घसरत नाही, पण हँडल हातात राहत नाही. आमच्या घरामागच्या गल्लीत दर फेब्रुवारीला हेच. मी उतरून चालते, लाज कसली त्यात. तिसरं, रस्त्याच्या कामाला टाकलेल्या लोखंडी प्लेटा. लोखंडावर कार्बाइड म्हणजे कुठे रुतणार, तिथे साधा टायरच बरा. आणि कोरड्या डांबरावर जोरात वळण घेऊ नका, रबराच्या आधी खिळे टेकतात, पकड थोडी कमीच असते.

वजनाचं म्हणाल तर एकेक टायर किलोच्या आसपास आहे. उन्हाळ्यातल्या टायरपेक्षा स्पीड जाणवण्याइतका कमी होतो, ऑफिसला पोचायला जास्त वेळ लागतो, चढावर तर मांड्या बोलतात. पण हिवाळ्यात वेग कमी असणं वाईट नाही, कारण उणे २० मध्ये ताशी २० च्या वेगाने गेलात तर चेहऱ्याला वारा उणे ३० चा लागतो. हळू चालवा, नाक शाबूत राहील.

हवा किती भरायची यावर वेगळं लिहायला हवं खरं तर. घरात २० अंशाला ६० पीएसआय भरलात आणि बाहेर उणे २० मध्ये नेलंत की थोड्या वेळाने तीच हवा ५० च्या आसपास दाखवते. पंक्चर नाहीये, गॅसचा नियम आहे, शाळेत शिकलो होतो. तर हे लक्षात ठेवून भरायची. रस्ते कोरडे असतील तर जरा जास्त, म्हणजे कडेच्या ओळीतले खिळे रस्त्याला कमी लागतात आणि टायर बरा पळतो. रात्री पाऊस पडून गोठलाय अशी बातमी असेल तर कमी, म्हणजे टायर पसरतो आणि सगळ्या ओळी खाली टेकतात. हवा कमीजास्त करायची मुभा म्हणजे एकात दोन टायर मिळाल्यासारखं आहे, मला तर ही सगळ्यात आवडलेली गोष्ट. पण टायरवर लिहिलेल्या किमान आकड्याच्या खाली जाऊ नका, रिम आपटेल.

आणि नवीन टायर लावल्या लावल्या बर्फावर जायचं नाही! आधी साधारण ४० किलोमीटर कोरड्या रस्त्यावर शांतपणे चालवायचे, कचकचून ब्रेक नाही, उभं राहून जोर नाही, म्हणजे खिळे रबरात नीट बसतात. नाहीतर पहिल्याच आठवड्यात उडून जातात आणि मग लोक ऑनलाइन एक स्टार देतात.

ट्यूब बदलणं हा मात्र छळ आहे. हे कुठल्याही स्टडेड टायरचं आहे, कंपनी कुठलीही असो. टायरची बाजू जाड, थंडीत रबर आणखी कडक, आणि पकडायला जावं तिथे खिळा. घरात, उबेत, जाड हातमोजे घालून लावा. पंक्चरविरोधी थर जाड आहे त्यामुळे पंक्चर क्वचितच होतं, ते एक बरं, कारण उणे १८ मध्ये रस्त्याच्या कडेला उघड्या बोटांनी ट्यूब बदलायची वेळ शत्रूवरही येऊ नये. मी तर ठरवलंय, पंक्चर झालं तर सायकल कुलूप लावून तिथेच सोडायची आणि बस पकडायची. बसच्या पुढे सायकल अडकवायचा रॅक असतो, तेही चालतं.

घरातल्या लोकांसाठी सूचना, लाकडी फ्लोअरवर या टायरची सायकल ढकलत नेली की बारीक टोचे पडतात. आमच्याकडे नवऱ्याने दारापासून खिडकीपर्यंत जुनी सतरंजी अंथरली आहे, डिपॉझिटची काळजी त्याला जास्त.

किंमत. एका टायरला ८०-१०० डॉलरच्या घरात जातात, जोडी म्हणजे दोनशे धरून चाला. महाग आहेत, नाही कोण म्हणतंय. पण बरी फॅटबाइक हजार डॉलरच्या खाली फारशी मिळत नाही, आणि एकदा मनगट मोडलं की इथल्या हॉस्पिटलचं बिल बघून टायर फुकट वाटतील. पैसे एकाचेच असतील तर पुढचा घ्या. मागचं चाक घसरलं तर सायकल शेपूट हलवते आणि सावरता येते, पुढचं घसरलं की विचार करायच्या आत खांद्यावर पडलेले असता.

आता फॅटबाइकवाले चिडतील म्हणून त्यांच्याबद्दल. माझं फॅटबाइकशी भांडण नाहीये, उलट त्या तर इथल्याच. सर्ली ही सायकल कंपनी शेजारच्या ब्लूमिंग्टनची, २००५ साली त्यांनी पग्जली काढली तेव्हा ३.७ इंची टायरची सायकल पहिल्यांदा दुकानात जाऊन विकत घेता यायला लागली. त्याआधी अलास्कात लोक दोन रिम एकमेकांना जोडून, वेल्डिंग करून घरीच काहीतरी जुगाड करायचे. आणि ज्यांना जंगलातल्या बर्फाच्या ट्रेलवर जायचंय, रेस करायचीय, त्यांना दुसरा पर्यायच नाही. थिओडोर वर्थ पार्कात हिवाळ्यात फॅटबाइकसाठी ट्रेल दाबून तयार करतात, लॉपेट नावाच्या स्कीइंगच्या फेस्टिवलमध्ये तिथे फॅट टायरची रेसही असते, बघायला जा एकदा, दाढीला बर्फ लटकलेले बाप्ये आणि त्यांच्या पुढे निघून गेलेल्या दोन पोरांच्या आया.

अॅरोहेड १३५ या रेसचं नाव ऐकलं असेल. जानेवारीच्या शेवटी, इंटरनॅशनल फॉल्सपासून, म्हणजे कॅनडाच्या बॉर्डरवरचं गाव, देशाचा आइसबॉक्स म्हणून मिरवणारं. १३५ मैल, म्हणजे २१७ किलोमीटर, सायकल, स्की किंवा पायी, वेळ ६० तास. तिथे उणे ३५ ही काही बातमी नाही. प्रत्येकाकडे उणे २९ पर्यंत चालणारी स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, इंधन, भांडं हे असलंच पाहिजे असा नियम आहे, कारण मध्येच अडकलात तर रात्र बर्फात काढायची तयारी हवी. साधारण अर्ध्यावर मेलजॉर्जेसच्या रिसॉर्टमध्ये चेकपॉइंट असतो, तिथे गरम ग्रिल्ड चीज सँडविच मिळतं आणि भलेभले लोक तिथेच रेस सोडतात, कारण एकदा त्या उबेतून परत बाहेर पडायला काय लागतं ते ज्याचं त्याला माहीत.

माझ्या ओळखीचे एक काका आहेत, काका म्हणजे इथलेच, साठीचे, बाइक शॉपमध्ये भेटतात. त्यांनी ती पूर्ण केलीय. त्यांना मी विचारलं होतं, तुम्ही स्टड लावता का तिथे. नाही म्हणाले, तिथे बर्फ दाबलेला आणि कोरडा असतो, ४-५ इंची टायरमध्ये दहा पीएसआयच्या खाली हवा ठेवायची की झालं, खिळे म्हणजे फुकटचं वजन. पण शहरात? शहरात स्टडशिवाय मी दुकानात दूध आणायला पण जात नाही, म्हणाले. हाच तर माझा मुद्दा आहे. जी थंडी रेसमध्ये असते ती कोरडी असते, आणि शहरातला हिवाळा म्हणजे वितळणं-गोठणं-वितळणं-गोठणं. अवघड बर्फ जंगलात नाहीये, तुमच्या घराच्या कोपऱ्यावरच्या सिग्नलला आहे.

त्यात मीठ. महापालिका मीठ टाकते पण रस्त्याचं तापमान उणे ९ च्या खाली गेलं की मीठ जवळजवळ काम करत नाही, मग तो राडा तसाच गोठतो. आणि ते मीठ चेनचा जीव घेतं. हिवाळ्यात महागडी सायकल बाहेर काढायची नाही, जुनी, सिंगल स्पीड असेल तर उत्तमच. आल्यावर चेन पुसायची, ओल्या हवेसाठीचं तेल (वेट ल्यूब) टाकायचं, वसंतात चेन सरळ बदलून टाकायची. उणे २५ च्या खाली मागच्या हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातलं, ग्रीस घट्ट होतं आणि कधी कधी पेडल नुसतंच फिरतं, चाक पुढे जात नाही. त्याला टायर काय करणार.

स्टुपर बोल नावाची आणखी एक भानगड आहे, सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या, वीकेंडला कुरिअरवाल्या मेसेंजर लोकांची रेस, चेकपॉइंटचे कागद हातात देतात आणि रस्ता आपला आपण शोधायचा, बरेच जण फिक्स्ड गिअरवर, म्हणजे चाक फिरतंय तोवर पेडलही फिरतच राहतं अशा सायकलवर. त्यांच्यातले काही स्टडला नाक मुरडतात. बोलायचं नाही आपण, पंचविशीतल्या गुडघ्यांना सगळं माफ असतं.

टायरसोबत एकच गोष्ट आणखी घ्या, पोगी. हँडलला लावायचे मोठे पिशवीसारखे कव्हर, त्यात हात घालायचे. मग आत पातळ हातमोजे पुरतात, ब्रेक-गिअर नीट हाताला लागतात. दिसायला अवतार दिसतो, आईने व्हिडिओ कॉलवर पाहिलं तर म्हणाली, अगं ए, सायकलला ओव्हनचे हातमोजे कशाला घातलेस. पण बोटं गरम. बाकी कपड्यांवर पैसे घालवू नका. सगळे नवशिके जाड जॅकेट घालतात आणि दहा मिनिटांत घामाने भिजतात, मग सिग्नलला थांबल्यावर तोच घाम गार पडतो आणि हुडहुडी भरते. घराबाहेर पडताना जरा थंडी वाजायलाच पाहिजे. मी लोकरीचा एक पातळ थर आणि वर वाऱ्याचं साधं जॅकेट, एवढ्यावर उणे १५ पर्यंत जाते. कान, बोटं, पायाची बोटं झाका, बाकीचं शरीर पेडल मारून आपोआप तापतं.

मंडळातले लोक गणपतीला भेटले की विचारतात, अजून ते वेड आहे का. मी म्हणते, फिनलंडमधल्या औलूला जाऊन बघा, तिथे एका शाळेत १२०० पैकी हजाराच्या आसपास पोरं उणे १७ मध्ये सायकलने आली होती, मग मी कसली वेडी. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ ला औलूलाच झाली, २०१६ ला आपल्या मिनियापोलिस-सेंट पॉलला आली होती. पण फरक आहे हं, औलूत सायकलचे रस्ते आधी साफ करतात, बर्फ खरवडून, दाबून सपाट ठेवतात, वर खडी टाकतात. आपल्याकडे ग्रीनवे बहुतेक वेळा गल्ल्यांच्या आधी साफ होतो, त्याबद्दल पूर्ण मार्क, पण ग्रीनवे सोडून घरापर्यंतचं शेवटचं अंतर रामभरोसे. तेवढ्या अंतरासाठीच हे टायर.

५ पैकी साडेचार. अर्धा कापला तो किमतीचा.

घ्यायचे असतील तर सप्टेंबरमध्येच घ्या, पहिला बर्फ पडला की ७०० चे साइज दुकानातून गायब होतात. घेण्याआधी मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर जागा आहे का बघा, खिळ्यांमुळे आणि साचणाऱ्या बर्फामुळे जास्त जागा लागते, नाहीतर मडगार्ड काढावं लागेल आणि मग पाठीवर खाऱ्या चिखलाची रेघ. इथे नोव्हेंबरच्या मध्यावर लावायचे आणि एप्रिलपर्यंत काढायचे नाहीत, मार्चमध्ये दोन दिवस ऊन पडलं की लोकांना घाई होते आणि मार्चमधलीच पहाट सगळ्यात निसरडी असते. काढल्यावर अंधाऱ्या थंड जागी ठेवा, आणि खडूने पुढचा-मागचा लिहून बाण काढून ठेवा, कारण खिळे ज्या दिशेने बसलेत त्याच दिशेने पुढच्या वर्षी फिरले पाहिजेत, उलटे लावले तर सैल होतात.